खिशातील चावडी : इंटरनेट, खासगीपणा आणि आपला समाज

दिवाळी सरली की गेवराई तालुक्यातील वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी आपला संसार ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भरून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. त्यांचे परतणे होते ते मार्च-एप्रिलमध्ये, पट्टा पडल्यावर. तलवाड्याच्या आपल्या निवासी विद्यालयातील कितीतरी मुलामुलींचे आईवडील या टोळ्यांमध्ये असतात. आम्ही अध्यापनास प्रारंभ केला त्या काळी दिवाळीत निरोप घेतलेल्या आईचा आवाज मुलाच्या कानी पडायचा तो थेट उन्हाळ्यात. मधल्या काळात एखादे पोस्टकार्ड यायचे, तेही दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतलेले. आता रविवारी दुपारी वसतिगृहाच्या ओसरीवर भ्रमणध्वनी हातोहात फिरतो. पडद्यावर उसाचा फड दिसतो, पाचटाची कोपी दिसते, चुलीपुढे बसलेली आई दिसते. ती विचारते, "जेवलास का?" एवढ्या दोन शब्दांसाठी मुले आठवडाभर वाट पाहतात. इंटरनेटविषयी काही उणे लिहिण्यापूर्वी हे दृश्य नोंदवून ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

याच भ्रमणध्वनीने आमच्या हातून एक चूकही घडविली. काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या अर्जांतील त्रुटी तातडीने दुरुस्त करावयाच्या होत्या. आम्ही विद्यार्थ्यांच्या यादीचे छायाचित्र काढून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर टाकले. यादीत नाव, जात, पालकांचे वार्षिक उत्पन्न, बँकेचा खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक असे रकाने होते. काम झाले, त्रुटी दोन दिवसांत दूर झाल्या. चौथ्या दिवशी नववीची एक विद्यार्थिनी शिक्षक खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "सर, ती यादी आमच्या गावातल्या दुकानदाराच्या फोनवर आहे. त्यानं मामाला विचारलं, तुमच्या भाचीच्या घरचं उत्पन्न एवढंच का म्हणून. हे त्याला कशाला कळायला हवं होतं?"

आम्हांजवळ उत्तर नव्हते. यादी आम्ही कोणाच्या अपमानासाठी टाकली नव्हती. तथापि, त्या मुलीचा प्रश्न हेतूविषयी नव्हताच. आपली माहिती कोणाला कळावी आणि कोणाला कळू नये, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असे ती विचारत होती. या लेखाचा विषय तोच प्रश्न आहे.

माहिती विचारणारे आणि माहिती देणारे

खासगीपणा ही शहरी, सुखवस्तू माणसांची चैन आहे, असे अनेकदा बोलले जाते. ज्याच्या घराला धड दार नाही, त्याला कसला आला खासगीपणा, असा त्यामागील भाव असतो. इतिहासाचे अभ्यासक या नात्याने आम्हांस हे मत उलटे वाटते. ज्यांच्या घराला दार नव्हते, त्यांनाच त्याची किंमत अधिक मोजावी लागली आहे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात १९०१ सालची एक आठवण सांगितली आहे. बाल भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचा वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावला निघाले व सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. मुलांचा नीटनेटका पोशाख पाहून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणांची मुले वाटली आणि त्यांनी आपुलकीने चौकशी केली. "तुम्ही कोण?" या प्रश्नाला मुलांनी खरे उत्तर दिले मात्र, स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. पुढचा सारा प्रवास पाण्याच्या थेंबासाठी तळमळत झाला. मुले तीच होती, पोशाख तोच होता. बदलली होती ती समोरच्या माणसाला मिळालेली एका शब्दाची माहिती.

त्याच लेखनात १९१७ सालचे बडोद्याचे प्रकरण येते. परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोदा संस्थानच्या नोकरीवर असताना राहण्यास जागा मिळेना. अखेर पारशी धर्मशाळेच्या वहीत पारशी नाव लिहून त्यांना आसरा घ्यावा लागला. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्याने त्यांना तेथून बाहेर काढले. ज्या समाजात खरे नाव सांगितले की दार बंद होते, त्या समाजात आपली ओळख केव्हा व कोणाला सांगावी हे स्वतःच्या हाती असणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी अनुभवाने जाणले होते.

गावगाड्याची रचनाच माहितीवर उभी होती. कोण कोणाचा, कोणाच्या चुलीवर काय शिजते, कोणाचे लग्न कोठे ठरले, कोणी नवे धोतर नेसले, हे सारे चावडीला ठाऊक असे. गावाचे निरोप, मृत्यूच्या वार्ता आणि सरकारी टपाल घेऊन उन्हातान्हात धावण्याचे काम महार वतनदाराकडे होते. मात्र त्या वार्तेवर त्याचा अधिकार काहीच नव्हता. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण सहज वापरतो. ज्यांची मूठ गाव केव्हाही उघडून पाहू शकत असे, त्यांच्यासाठी ती म्हण नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर म्हटले, त्यामागे हा अनुभव होता. मुंबईच्या गिरणीत किंवा औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात गेलेल्या आपल्या माणसांना शहराने प्रथम काही दिले असेल, तर ते अनोळखी असण्याचे स्वातंत्र्य होय.

भटक्या-विमुक्तांच्या वाट्याला तर सरकारी पाळत आली. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे या कायद्याखाली पारधी, कैकाडी आदी जमातींतील माणसांची नोंद झाली, हजेरी सक्तीची झाली, परवानगीवाचून गाव सोडणे हा गुन्हा ठरला. सोलापूरची तारेच्या कुंपणातील सेटलमेंट याच कायद्याची निर्मिती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. गुन्हा केला म्हणून नव्हे, जन्म झाला म्हणून माणसाची प्रत्येक हालचाल वहीत लिहिण्याची ही पद्धत आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने भोगली आहे. म्हणून आज कोणी "आमच्याकडे लपविण्यासारखे काही नाही, मग माहिती दिली तर बिघडले कोठे?" असे म्हणतो, तेव्हा हा इतिहास त्याच्यासमोर ठेवावा असे आम्हांस वाटते.

एका हक्काचा सत्तर वर्षांचा प्रवास

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. नागरिकांचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे, असे कलम त्यात होते. संविधान सभेने अंतिम मसुद्यात ते घेतले नाही. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशाच आशयाची दुरुस्ती सुचविली. हे संरक्षण फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच. परंतु ते संविधानात आले तर कायदेमंडळाला सहजी काढून घेता येणार नाही, अशी भूमिका घेऊन बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. मतदानात मात्र ती फेटाळली गेली.

त्यानंतर प्रश्न न्यायालयात गेला. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींच्या पीठाने आणि १९६२ च्या खडकसिंग खटल्यात सहा न्यायमूर्तींच्या पीठातील बहुमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले नाही. खडकसिंग खटला पोलिसांच्या पाळतीविषयीच होता. रात्री-अपरात्री घरी जाऊन पाहणी करणे न्यायालयाने रद्द केले, पण बाकीची पाळत कायम राहिली. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी मात्र अल्पमतात राहून खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे लिहिले.

पुढील वळण आपल्या महाराष्ट्रातून सुरू होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची नोंद घेणाऱ्या या योजनेला कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यातून मूळ प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी या पीठाने एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा अविभाज्य भाग आहे. गरिबांना हवे ते अन्न, खासगीपणा ही अभिजनांची कल्पना, हा युक्तिवादही न्यायालयाने नाकारला. पुढे सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार योजना बहुमताने वैध ठरली. परंतु शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट झाले. आपल्या विद्यालयाच्या प्रवेश समितीने हे वाक्य भिंतीवर लावावे, असे आम्ही सुचवितो.

बाबासाहेबांनी १९४७ साली मांडलेल्या विचाराला संविधानिक मान्यता मिळण्यास सत्तर वर्षे लागली. आता हक्क कागदावर आला आहे. दैनंदिन जगण्यात त्याचे काय होते, हे पाहण्यासाठी प्रथम इंटरनेटने आपल्या सांस्कृतिक जीवनात काय घडविले ते पाहू.

मूकनायकापासून यूट्यूबपर्यंत

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. आपला आवाज लोकांपर्यंत नेण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती असले की काय होते, याचा हा धडा होता. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' ही सारी नियतकालिके स्वतःचे साधन उभारण्याचे प्रयत्न होते आणि पैशाची चणचण हा त्या सर्वांचा स्थायीभाव होता.

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. आमच्या तालुक्यात ती खऱ्या अर्थाने पोचली ती २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९७९ रोजी बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा पहिला खंड प्रकाशित केला. आमच्या विद्यार्थिदशेत हे खंड मिळविण्यासाठी शासकीय ग्रंथागारात चकरा माराव्या लागत. एक खंड वसतिगृहातील दहा जण पाळीपाळीने वाचत. आज ते सर्व इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. बीडच्या मुलाला आणि न्यूयॉर्कच्या संशोधकाला एकच पान एकाच क्षणी उघडता येते. ज्यांना ग्रंथालयाची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांच्या वंशजांसाठी ही लहान गोष्ट नाही.

गाण्यांचेही तसेच. आंबेडकरी जलशांनी गावोगाव कंदिलाच्या उजेडात विचार नेला. वामनदादा कर्डकांनी आयुष्य पायी आणि एस.टी.ने फिरत घालविले. मग कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज जयंतीच्या मंडपातून घराघरांत शिरले. आता तीच गाणी यूट्यूबवर आहेत आणि गावातील एखादी मुलगी स्वतः रचलेले गीत गाऊन त्यांच्या शेजारी ठेवू शकते. संपादकाची परवानगी घ्यावी लागत नाही.

यात काही हरवलेही आहे. शाहीर गाता गाता थांबत असे, कडव्याचा अर्थ सांगत असे, समोर बसलेल्या म्हातारीला प्रश्न विचारीत असे. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये ते थांबणे उरत नाही. ठेका राहतो, कडवे गळून पडते. विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगतो की रील जरूर पाहा, पण ते गाणे एकदा अखेरपर्यंत ऐका.

मात्र आपले गाणे आपल्या खिशात असणे सर्वांना रुचते असे नाही. मे २०१५ मध्ये शिर्डी येथे परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाची हत्या झाली. त्याच्या भ्रमणध्वनीवर बाबासाहेबांवरील गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद उद्भवला, असा आरोप होता. फोन ही खासगी वस्तू. पण तिच्यातून निघालेल्या सुराने त्या तरुणाची ओळख क्षणात सर्वांना सांगितली. मसूर स्टेशनवरचा "तुम्ही कोण?" हा प्रश्न तेथे कोणी विचारलाही नव्हता.

पुढे धाडलेला मजकूर

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरलेली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ज्या समाजांकडे पिढ्यान्‌पिढ्या संशयाने पाहिले गेले, त्यांच्याच माणसांवर हा संशय यावा, हा योगायोग नव्हे.

अफवेला इंटरनेटची गरज नसते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला, त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. तेव्हा खेड्यांतून फोनही नव्हते. द्वेष माणसाच्या मनात असतो. इंटरनेट त्याला वेग देते आणि बोलणाऱ्याचा चेहरा झाकते. चावडीवर कोणी खोटे बोलला तर तो कोण, हे निदान कळत असे. दहा वेळा पुढे धाडलेल्या मजकुराला मूळ मालकच राहत नाही. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. ती खूण पाहण्याची सवय लावून घेणे आपले काम आहे.

इतिहासाच्या तासाला आम्ही साधनचिकित्सा शिकवितो. कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणासाठी लिहिला, मूळ प्रत कोठे आहे, हे प्रश्न आम्ही आता समाजमाध्यमांवरील मजकुरालाही लावतो. बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली छापलेले कितीतरी 'विचार' त्यांचे नसतात. म्हणून आमचा नियम असा की खंड आणि पान सांगता येत नसेल तर ते वाक्य बाबासाहेबांच्या नावे पुढे पाठवावयाचे नाही. वर उल्लेखिलेले 'वेटिंग फॉर अ व्हिसा' बाराव्या खंडात आहे, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' पहिल्या खंडात. वाचकांनी आमचेही लेखन असेच पडताळून पाहावे. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले ते हेच. पुष्कळांनी सांगितले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मान्य करू नये, स्वतः तपासावे.

यंत्राला काय कळते

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. "आमचे मेसेज कोणालाच वाचता येत नाहीत" असे विद्यार्थी सांगतात, ते एका अर्थी खरे आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश कुलूपबंद होऊन जातात. पाठविणारा आणि घेणारा यांखेरीज मधल्या कोणाकडे त्याची किल्ली नसते. परंतु टपालातील पाकीट आठवावे. आतील पत्र बंद असले तरी वरचा पत्ता आणि पोस्टाचा शिक्का सर्वांना दिसतो. कोणी कोणाशी, किती वाजता, किती वेळ संपर्क साधला, ही पाकिटावरची माहिती होय. एखाद्या मुलीने रात्री १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि सकाळी रुग्णालयात केला, एवढे कळले तर काय बोलणे झाले हे ऐकण्याची गरज उरत नाही. शिवाय पत्र घेणाऱ्यानेच ते चौकात वाचून दाखविले, तर कुलूप कितीही मजबूत असून उपयोग काय? आमच्या यादीचे नेमके हेच झाले.

दुसरी गोष्ट परवानग्यांची. नवे ॲप घेताना ते आपली संपर्कयादी, छायाचित्रे, ठिकाण व ध्वनिग्राहक यांची परवानगी मागते. विजेरीच्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी, असा प्रश्न पडला पाहिजे. संपर्कयादी देताना आपण स्वतःचीच माहिती देतो असे नाही. आत्याचा, शेजारणीचा, मैत्रिणीचा क्रमांकही त्यांना न विचारता देऊन टाकतो. ऊसतोडीला गेलेले पालक अडीनडीला फोनवरून कर्ज देणाऱ्या ॲपचा आधार घेतात. अशा काही ॲपचे वसुली करणारे संपर्कयादीतील प्रत्येकाला फोन करून बदनामी करतात. मुकादमाची उचल निदान दोन घरांतच ठाऊक असे.

तिसरी गोष्ट निवडीची. यूट्यूब किंवा इन्स्टाग्राम आपल्यासमोर काय ठेवते, ते गणिती नियमांनी ठरते. आपण कशावर थांबलो, काय पुन्हा पाहिले, याची नोंद होते आणि त्यासारखेच आणखी समोर येते. या सेवा फुकट वाटतात, कारण त्यांचा मोबदला जाहिरातदार देतात आणि जाहिरातदारांना आपले लक्ष हवे असते. रागाने माणूस पडद्यापाशी अधिक थांबतो, म्हणून राग आणणारे अधिक येते. एकाच खोलीत राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना महिन्याभरात दोन वेगळी जगे दिसू लागतात आणि दोघांनाही वाटते की सारे जग असेच आहे.

चौथी गोष्ट मुलींची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम चौघींतील एकीने कधी इंटरनेट वापरलेले आढळले. याचे एक कारण धाक हे आहे. एखाद्या मुलीच्या छायाचित्राचा कोणी गैरवापर केला, तर शिक्षा गैरवापर करणाऱ्याला होण्याआधी तिला होते. फोन काढून घेतला जातो, मग शाळा सुटते आणि पाठोपाठ लग्नाची बोलणी सुरू होतात. बीड जिल्ह्यात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. खासगीपणा जपणे म्हणजे मुलींच्या हातून फोन काढून घेणे नव्हे. तिने निर्धास्तपणे तो वापरावा, अशी व्यवस्था करणे म्हणजे खासगीपणा जपणे.

आम्ही काय बदलले

२०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवू नयेत, असे त्यात म्हटले आहे. पण संमती म्हणजे काय, हे फडावर असलेल्या आईला कोण सांगणार? पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येते, खाली 'सहमत' अशा अर्थाचे बटण असते आणि ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अंगठा उठविण्याची ही जुनी रीत नव्या रूपात आली आहे. सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा देऊ नये, हे आपल्या चळवळीने पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. या बटणालाही तेच लागू आहे.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर आम्ही प्रथम तिची आणि यादीतील इतर विद्यार्थ्यांची क्षमा मागितली. समूहावरून यादी काढून टाकली. पण दुसऱ्यांच्या फोनवर गेलेली प्रत परत आणता येत नाही, हेही वर्गात स्पष्ट सांगितले. नंतर काही नियम ठरविले. जात, उत्पन्न व खाते क्रमांक असलेली कोणतीही यादी समूहावर जाणार नाही. ज्याची त्रुटी त्याच्याच पालकाला फोनवर सांगितली जाईल. गणवेश, सायकल किंवा वह्या घेताना विद्यार्थ्याचे छायाचित्र काढले जाणार नाही. देणाऱ्यांना पुरावा हवा असेल तर त्यांनी पावती घ्यावी. मुलाचा ओशाळलेला चेहरा ही पावती नव्हे. स्नेहसंमेलनाचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यातील मुलामुलींना विचारले जाईल आणि 'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारले जाणार नाही. या स्मरणिकेतील छायाचित्रांसाठीही हाच नियम पाळला आहे.

जातीचा रकाना शासकीय अर्जात असतो आणि असावाच लागतो. शिष्यवृत्ती हा हक्क आहे आणि हक्क मागताना ओळख सांगण्यात कमीपणा नाही. आमचे कितीतरी विद्यार्थी अभिमानाने 'जय भीम' म्हणतात, नावापुढे 'बौद्ध' लिहितात. ते योग्यच आहे. स्वतःहून ओळख सांगणे आणि दुसऱ्याने ती परस्पर वाटून टाकणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात माणसाचा स्वाभिमान असतो, दुसऱ्यात तो हिरावला जातो. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सर्वांसमक्ष पाणी प्राशन केले ते स्वतःच्या निर्णयाने. बडोद्याच्या धर्मशाळेत त्यांची ओळख दुसऱ्यांनी उघडी केली. इंटरनेटचा कोणताही व्यवहार या दोहोंपैकी कोणत्या बाजूचा आहे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली तर आमचे शिकविणे सार्थकी लागेल.

रविवारचा फोन अजून ओसरीवरच येतो. त्यात एक बदल मात्र झाला आहे. पूर्वी सर्व मुले भोवती कोंडाळे करून उभी राहत आणि प्रत्येकाच्या आईचे बोलणे सर्वांना ऐकू येई. आता ओसरीच्या टोकाला, वाचनालयाच्या दाराशी एक खुर्ची ठेवली आहे. ज्याचा फोन आला असेल तो तेथे जाऊन बसतो आणि बाकीची मुले अलीकडे थांबतात. ही सूचना नववीतील त्याच मुलीने केली होती. दहा मिनिटांनी मूल परत येते, पुढच्याच्या हाती फोन देते. आई काय म्हणाली, हे आम्ही विचारीत नाही.